सोडलेलं नाव

“नाव सोडलंत? मुलाचं?”

निरंजनानं संगणकावरची नजर काढून माझ्याकडं पाहिलं.

“काशीला काहीतरी सोडायचं असतं ना रे,” मी म्हणाले. “आमच्या यात्रेतल्या कुणी पडवळ सोडलं, कुणी सीताफळ. गंगेत उभं राहून गुरुजी म्हणाले, आवडीचं असेल ते सोडा, नावडतं सोडून पुण्य लागत नाही... मला त्या घडीला दुसरं काही आठवलंच नाही.”

“म्हणजे तुम्ही त्याला नावानं हाकच मारत नाही?”

“तो घरी येईपर्यंत नाही. असा नवस आहे.”

“बरं, मग मला लिहून द्या. आज संध्याकाळी मी वाचतो. काम झालं.”

“लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच की, बाळा.”

“मग काकांना फोन लावा, ते सांगतील.”

“ते म्हणतील, कुठला मुलगा?”

निरंजन हसायला गेला आणि थांबला.

“कमाल आहे, काकू...”

तो पुन्हा पडद्याकडं वळला.

कऱ्हाकाठी आमचा लहानसा मठ आहे. घर सोडून गेलेल्यांना तिथं हाक मारतात. माणूस ज्या तिथीला गेला, त्या तिथीला, दर महिन्याला. दिवेलागणीला माई दिवा लावतात आणि मठातलं कुणीतरी त्याचं नाव मोठ्यानं घेतं. एकदाच. घरची माणसं हात जोडून ऐकतात आणि आपापल्या वाटेनं जातात.

आमचा मुलगा वद्य द्वादशीला गेला. एकादशीचं पारणं होतं, पानं वाढलेली होती. बापलेकांचा शब्दाला शब्द लागला. हे म्हणाले, “यापुढं या घरात तुझं नाव निघणार नाही.” तो भरल्या पानावरून उठला.

तो कुठं आहे ते कळतं. खुशाल आहे, एवढंही त्याच्या एका मित्राकडून कळतं. त्यापलीकडं काही नाही.

ह्यांनी नाव रागानं सोडलं, मी नवसानं सोडलं. पण नाव घरातून गेलं ते गेलंच. भिंतींनाही ऐकू येईना. महिन्यातून एकदा मी मठात जायची ती तेवढ्यासाठी... दुसऱ्या कुणाच्या तोंडून का होईना, ते नाव कानांवर पडावं म्हणून.

काशीला जाण्याआधी मी ते नाव सदूभाऊंना सांगून ठेवलं होतं. सदूभाऊ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मठातच राहायचे. त्यांनी स्वतः शिकून संगणकावर एक प्रोग्राम बनवला होता. अधिकमास, क्षयतिथी, सगळं धरून तो आजची तिथी काढायचा आणि आज कुणाकुणाला हाक मारायची ते दाखवायचा. कितीतरी नावं त्यात होती. माईंना ती पाठ असण्याचं कारण नव्हतं.

सदूभाऊ गेले. त्यांच्यामागून त्यांचा संगणकही गेला. एका भक्तानं नवाकोरा संगणक दिला, आणि तेव्हापासून जुनी नावं दिसेनाशी झाली.

मी येत राहिले. दिवा लागायचा. हाक यायची नाही. मी उठून एसटीच्या थांब्यावर जायची.

आज पुन्हा द्वादशी होती.

“काय रे, सापडलं का?”

माई दारात उभ्या होत्या. मठाच्या प्रमुख त्या. वय ऐंशीच्या पुढं, पाठ वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. निरंजन त्यांचा शिष्य. पुण्यात मोठ्या पगारावर होता, तो सोडून दीक्षा घ्यायला आला होता. माईंनी अजून दिली नव्हती.

“सापडायचं काय माई, सगळं इथंच आहे,” निरंजन म्हणाला. “नावांचं कोठार जसंच्या तसं या नव्या मशिनवर आणलंय. सदूभाऊंचा प्रोग्रामही चालू होतो. फक्त दोघांचं बोलणं होत नाही.”

“का? भांडण झालंय?”

“दोघांच्या मध्ये एक ड्रायव्हर लागतो. दुभाषी समजा. प्रोग्राम त्याला विचारतो, तो कोठारात जातो आणि उत्तर घेऊन येतो.”

“तो नाही?”

“आहे! मी सगळ्यात नवा बसवलाय. या मशिनच्या तोडीचा. हे मशिन चौसष्ट बिटांचं आहे, ड्रायव्हरही चौसष्टचा. त्याची चाचणी घेतली की म्हणतो, सगळं उत्तम आहे. आणि प्रोग्रामला विचारलं की म्हणतो, मला दुभाषी दिसतच नाही.”

“मग खोटं कोण बोलतंय?”

“प्रोग्राम! जुनाट आहे तो, माई. बत्तीसच्या जमान्यातला. मी तर म्हणतो तो टाकूनच द्यावा. मी नवा लिहितो. चार-सहा महिने द्या.”

“आणि कोठार उघडून सरळ बघता येत नाही?”

“सदूभाऊंनी कुलूप घातलंय. किल्ली त्या प्रोग्रामच्याच पोटात.”

माई माझ्याकडं बघून म्हणाल्या, “चार-सहा महिने. ऐकलंस का, कुमुद?”

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“पुण्यात याचाच पगार देत होते का रे तुला?” माईंनी विचारलं.

निरंजनाचे कान लाल झाले.

“माई, मी बँकांची कोठारं एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवलीत. एक पैसा इकडचा तिकडं झाला नाही. हे असलं काम म्हणजे...”

पंगतीची घंटा झाली. त्याचं वाक्य तसंच राहिलं.

पंगतीत माझ्यासमोर गुंडोपंत बसले होते. मठाचे जुने पुजारी. तोंडात एक दात शिल्लक होता, तोही पाहुण्यासारखा. मठात नव्यानंच पोळ्यांचं विजेचं यंत्र आलं होतं आणि तेही निरंजनानंच बसवलं होतं. पोळ्या पातळ, गोल, एकीवर एक ठेवली तर कड हलणार नाही अशा.

सगळे जेवत होते. गुंडोपंत पानापुढं हात जोडून बसले होते.

“पंत, जेवा की,” निरंजन वाढता वाढता म्हणाला. “गरम आहेत. सगळ्या एकसारख्या.”

“पोळ्या एकसारख्या आहेत रे. माझं तोंड एकसारखं नाही ना.”

“मऊच आहेत. मी तापमान लावून दिलंय.”

“मऊ? मला वाटलं, तू पापड वाढलास.”

पंगत हसली. निरंजन हसला नाही.

“यंत्रात काही खोट नाही,” तो म्हणाला. “बाकी सगळे जेवतायत.”

माई आपल्या पानावरून उठल्या. गुंडोपंतांच्या शेजारी मांडी घालून बसल्या. त्यांच्या पानातल्या पोळ्या वाटीत कुस्करल्या, वर दूध ओतलं, चिमूटभर साखर घातली. मग बोटांनी कालवत बसल्या... कितीतरी वेळ. पंत लहान मुलासारखे वाटीकडं बघत होते.

निरंजन तांब्या हातात घेऊन उभाच होता.

“माई, संध्याकाळच्या हाकेचं काय करायचं?”

माईंनी मान वर केली नाही.

“मला तुझ्या मशिनमधलं काय कळतंय? पंतांना भूक लागलीय.”

पंतांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले.

“पण माई...”

“चूल नवी आहे, निरंजना. जेवणारा कोण आहे?”

निरंजन वाटीकडं बघत राहिला. कुणीतरी पाणी मागितलं, ते त्याच्या कानांवर गेलं नाही.

मग त्यानं तांब्या खाली ठेवला आणि तसाच, अर्ध्या पंगतीतून, संगणकाच्या खोलीत गेला.

“बघा,” गुंडोपंत म्हणाले, “मला वाढायचं सोडून पळाला.”

मी जेवण आटोपून त्या खोलीत गेले तेव्हा तो स्वतःशीच पुटपुटत होता.

“काकू, विचारणारा बत्तीसचा आहे... प्रोग्राम. दुभाषी त्याच्या मापाचा पाहिजे. मी मशिनच्या मापाचा आणत बसलो. मशिनला कुठं काही विचारायचं होतं?”

मला अर्धं कळलं, अर्धं नाही. पण त्याचा आवाज बदलला होता, ते कळलं.

जुना ड्रायव्हर आता कुणी ठेवत नाही म्हणे. त्यानं कुठल्या कुठल्या अडगळीतून तो शोधून उतरवून घेतला. नव्या संगणकानं दोनदा नको म्हटलं, यानं दोनदा हो म्हटलं. ड्रायव्हर बसला. तरीही प्रोग्राम म्हणेना की दिसला.

माई येऊन स्टुलावर टेकल्या होत्या. हातात वाती वळायचा कापूस.

“आता काय?”

“याची ओळख कुठं करून द्यायची ते शोधतोय. या मशिनमध्ये दोन खोल्या आहेत, माई. एक जुन्यांची, एक नव्यांची. मी नेहमीच्या दारानं जातो, ते नव्यांच्या खोलीत उघडतं.”

“मग दुसऱ्या दारानं जा.”

“तेच तर... आणि गंमत बघा. बत्तीसवाल्यांची खोली ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या नावात चौसष्ट आहे. आणि चौसष्टवाल्यांच्या फोल्डरच्या नावात बत्तीस.”

“नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा,” माई म्हणाल्या. “आपल्याकडं बघ की. मठात शिष्य म्हणून कोण राहतं, आणि शिकतं कोण.”

निरंजन खाली मान घालून हसला. पहिल्यांदाच.

त्यानं ते दुसरं दार उघडलं. ड्रायव्हरला कोठाराचा पत्ता दिला. सदूभाऊंचा प्रोग्राम पुन्हा चालू केला.

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज.

“आलं!” तो ओरडला. “काकू, आलं! वद्य द्वादशी... एकच नाव आहे आज. एकच!”

मी उठले. पाय आपोआप पुढं गेले. इतक्या महिन्यांनी...

पडद्यावर एक ओळ होती. तिथी नीट दिसत होती. आकडेच ते. आणि तिच्यापुढं, नावाच्या जागी, एक डोक्यावर टोपी घातलेलं इंग्रजी अक्षर, मग डॉलरची खूण, मग स्वल्पविराम, मग आणखी काहीबाही.

“हे काय?” माईंनी विचारलं.

निरंजनाचा चेहरा उतरला.

“जुना मराठी फॉन्ट,” तो हळू म्हणाला. “सदूभाऊंनी कुठल्यातरी जुन्या फॉन्टात टाइप केलंय. तो फॉन्ट असेल तरच त्याची मराठी अक्षरं होतात. तो जुन्या मशिनबरोबर गेला... नाव आहे, काकू. इथंच आहे. वाचता येत नाही.”

“शोधायला किती वेळ?”

“नाव माहीत नसलेला फॉन्ट... आज नाही जमायचं.”

मी पडद्याला हात लावला. काच कोमट होती. माझा मुलगा तिच्या आत होता आणि कुणाला ओळखू येत नव्हता.

बाहेर उजेड कलला होता. मंडळी ओसरीवर जमू लागली होती. कुणीतरी समई घासून आणून ठेवली.

“दिव्याची वेळ झाली,” माई म्हणाल्या. “चल, कुमुद.”

“पुढच्या द्वादशीला येते, माई. निरंजन तोवर शोधेल. एवढं झालं, तेवढंही होईल.”

“चल म्हटलं ना.”

ओसरीवर माईंनी दिवा लावला. सगळ्यांनी हात जोडले. निरंजन खांबाला टेकून उभा होता. हाक त्यानं मारायची होती आणि त्याच्याकडं नाव नव्हतं.

माई माझ्याकडं वळल्या.

“वाच.”

“मी?... काय वाचू?”

“त्या पडद्यावरचं. इतक्या जणांत तुला एकटीला येतंय ते वाचता.”

“माई, माझा नवस...”

“कुणाला दिलंस ते नाव?”

“विश्वेश्वराला.”

“मनापासून?”

“त्याहून आवडीचं माझ्याकडं काही नव्हतं, माई.”

माई म्हणाल्या, “घरी नैवेद्य दाखवतेस ना रोज?”

“दाखवते.”

“मग देव ताट ठेवून घेतो?”

मी मान हलवून नाही म्हटलं.

“डोळ्यांना पाणी लावून तू ते ताट आत नेतेस. सगळ्यांना वाढतेस. देवाच्या पुढून आलं म्हणून त्याला दुसरं नाव मिळतं. काय म्हणतेस त्याला?”

“प्रसाद...”

“प्रसाद नको म्हणायचा नसतो.”

त्यांनी माझा उजवा हात धरला आणि तीर्थ घ्यायला करतात तशी त्याची ओंजळ केली. ओंजळीत काहीच ठेवलं नाही. नुसती धरून राहिल्या.



मला भीती वाटत होती. नवस मोडेल याची होतीच. पण त्याहून जास्त भीती वेगळीच होती. जिभेला वळण राहिलं असेल का? नावात जोडाक्षर आहे. अर्धंच आलं तर? दुसऱ्याच कुणाचं आलं तर?

“कौस्तुभ...”

आलं. अख्खं आलं.

पहिल्यांदा ते कुजबुजल्यासारखं निघालं. मग मी पुन्हा घेतलं, जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. हाक एकदाच मारायची असते, हे माहीत असून मला थांबता येईना. लहानपणी तो गल्लीत खेळायला गेला की मी ज्या सुरात बोलवायची, त्याच सुरात मी मठाच्या ओसरीवर ओरडत होते. ‘कौ’ लांबवून. तो सूर अजून गळ्यात होता. मला ठाऊकच नव्हतं.

माईंनी मला थांबवलं नाही. शेवटी माझी मीच थांबले.

निरंजन पुढं आला आणि माझ्या पायांशी वाकला. मग माईंच्या.

“माई, मी तो फॉन्ट शोधतो,” तो म्हणाला. “बाकीच्यांची नावं आहेत त्यात. त्यांच्या आयांनी कधीपर्यंत थांबायचं?”

“शोध,” माई म्हणाल्या. “आणि आधी पंतांना दूध दे.”

लोक पांगले. मी समईपाशी बसून राहिले. शेवटची एसटी अजून लांब होती.

“माई, तो येईल?”

त्यांनी वात थोडी पुढं सारली.

“घरी त्याचं नाव कोण घेतं?” त्यांनीच उलट विचारलं.

“कुणी नाही.”

“आता?”

“आता... ह्यांना चालायचं नाही, माई.”

“मी त्यांचं विचारलं नाही.”

मी विचार केला. मग म्हणाले, “रोज दिवा लावला की उंबऱ्यात उभी राहीन. आत्ता मारली तशी हाक मारीन.”

माईंनी मान डोलावली.

बायांनो, आणि बापड्यांनोही, हे लिहिते आहे ते एवढ्याचसाठी. तुमच्या घरात असं एखादं नाव असेल, कुणी रागानं गिळलेलं, कुणी मायेनं जपून ठेवलेलं, तर तुम्हीही ते घ्या. आज दिवा लावाल तेव्हाच घ्या, तिथी बघत बसू नका. पहिल्यांदा आवाज फुटत नाही, फुटेल. हात जोडून सांगते. आणि कसं घ्यायचं तेही माईंकडून विचारून घेतलं होतं, ते तसंच्या तसं सांगते.

पायऱ्या उतरता उतरता मी मागं वळून म्हणाले, “रस्त्याकडं तोंड करून मारू ना, माई? तो त्याच वाटेनं गेला...”

माई दिव्याआड हात धरून उभ्या होत्या.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “घराकडं तोंड करून.”